इकु, कुरु, काएरु: जपानीत ‘जायचं’ कसं

जपानी शिकायला सुरुवात केली की पहिल्या काही धड्यांतच ‘इकु’ भेटतं. पुस्तकात त्याच्यासमोर ‘गो’ लिहिलेलं असतं, आपण ते वहीत उतरवतो, आणि तिथून पुढे इंग्रजीत जिथे म्हणून ‘गो’ येईल तिथे ‘इकु’ बसवत सुटतो. वाक्य कळतं, पण समोरचा जपानी माणूस क्षणभर थबकतो. घरी जाणं, बाहेर जाणं, रोज क्लासला जाणं, पुलावरून जाणं, वर जाणं, झोपायला जाणं, लाईट जाणं, या प्रत्येकाची जपानीतली वाट वेगळी आहे.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की ही क्रियापदं इंग्रजीतून शिकू नका, थेट मराठीतून शिका. ‘जाऊन येतो’, ‘बघायला जातो’, ‘चालत गेलो’, ‘तो गावाला गेलाय’ ही आपली रोजची वाक्यं जपानीत जवळजवळ शब्दाला शब्द उतरतात. इंग्रजी मध्ये घातलं की सोपी गोष्ट अवघड होऊन बसते. मात्र काही ठिकाणी मराठीही हमखास फसवते. ती ठिकाणं मी ‘सावध’ अशी खूण करून सांगते आहे.

एन-फाइव्हची (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली सगळ्यात सोपी पातळी) तयारी करणाऱ्यांना पहिल्या सहा पायऱ्या पुरेत. बाकीच्या एन-फोरच्या, म्हणजे त्यापुढच्या पातळीच्या, वाटेवर लागतील.

जपानी वाक्यं इथे देवनागरीत लिहिली आहेत. ‘ऽ’ दिसला की आधीचा स्वर लांबवा. ‘देस’ आणि ‘मास’ मराठीत जसे वाचाल तसेच वाचा, शेवटी ‘सु’ ऐकू येत नाही.

हाताशी काय हवं

- हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या वाचता-लिहिता येणं. देवनागरी फक्त समजून घेण्यापुरती. वहीत वाक्यं हिरागाना-काताकानामध्येच लिहा.
- क्रियापदाचं ‘मास’-रूप (सभ्य बोलण्यातलं) आणि ‘ते’-रूप (आपल्या ‘-ऊन’सारखं) करता येणं. ‘ते’-रूप कच्चं असेल तर आधी ते पक्कं करा, कारण इथलं निम्मं काम त्याच्यावर चालतं.
- उदाहरणवाक्यं देणारा शब्दकोश. नुसता अर्थ देणारा इथे कामाचा नाही, कारण कोणत्या क्रियापदाआधी ‘नि’ हा प्रत्यय येतो आणि कोणत्या आधी ‘ओ’, हे वाक्यातूनच कळतं.
- एक वही. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर जपानी. इंग्रजीला जागा नाही.
- फोनवरचा नकाशा, भाषा जपानी करून. वाट सांगण्याचा सराव त्यावर फार छान होतो.

१. आधी रूपं पक्की करा

‘इकु’चं ‘ते’-रूप ‘इत्ते’. ‘काकु’चं (लिहिणे) ‘काइते’, ‘आरुकु’चं (चालणे) ‘आरुइते’, मग ‘इकु’चं ‘इइते’ व्हायला हवं होतं. पण होत नाही. ‘कु’ने संपणाऱ्या क्रियापदांतला हा अपवाद आहे, तो पाठच करायचा.

‘कुरु’ (येणे) पूर्ण अनियमित: किमास, किते, किता, आणि नकारात ‘कोनाइ’. उच्चार जपून करा. किते म्हणजे येऊन, किऽते म्हणजे ऐकून, कित्ते म्हणजे कापून. मराठी जिभेला जोडाक्षर सोपं जातं, ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपण बोलताना सैल सोडतो. जपानीत तो सैलपणा चालत नाही.

जपानी क्रियापदांचे रूपांप्रमाणे गट पाडलेले असतात. ‘काएरु’ (घरी परतणे) दिसायला दुसऱ्या गटातल्या ‘ताबेरु’सारखं (खाणे) आहे, पण पहिल्या गटातलं आहे: काएरिमास, काएत्ते. ते दुसऱ्या गटासारखं ‘काएमास, काएते’ असं चालवलंत तर ‘बदलणे’ असा अर्थ होतो. ‘हाइरु’ (आत जाणे) हेही पहिल्याच गटातलं: हाइरिमास, हाइत्ते.

२. इकु की कुरु: पाय कुठे आहेत ते बघा

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि त्याला कारण आपली मराठीच.

आई स्वयंपाकघरातून हाक मारते, “जेवायला ये!” आपण आतल्या खोलीतून ओरडतो, “आलो, आलो!” जपानी घरात हाक अशीच येते, ‘ये’ अशीच, पण उत्तर येतं “इमा इकु!”, म्हणजे शब्दशः ‘आत्ता जातो’. मित्र फोनवर विचारतो, “कधी येतोस?” तुम्ही म्हणता, “पाच वाजता येतो.” जपानीत मित्र “नान-जि नि कुरु?” असं विचारेल आणि तुम्ही “गो-जि नि इकु” असं उत्तर द्याल. प्रश्नात कुरु, उत्तरात इकु.

मराठीत (आणि इंग्रजीतही) आपण ऐकणाऱ्याच्या जागी मनाने जाऊन उभे राहतो आणि ‘येतो’ म्हणतो. जपानी बोलणारा स्वतःच्या पायांवरून हलत नाही. त्याच्याकडे येणारी हालचाल ती कुरु, त्याच्यापासून लांब जाणारी ती इकु. ऐकणारा कुठे आहे, याने फरक पडत नाही.

‘माझी जागा’ म्हणजे आत्ता उभा आहे तेवढीच जागा नव्हे, हेही लक्षात ठेवा. माझं घर, माझं ऑफिस ही माझीच ठिकाणं. म्हणून बाहेर कॅफेत बसूनसुद्धा “कोंदो उचि नि किते कुदासाइ” (एकदा घरी या) हे बरोबर.

सावध: “मी उद्या तुमच्याकडे येतो” याचं “आश्ता किमास” करू नका. “आश्ता इकिमास” म्हणा. आदराने कसं म्हणायचं ते आठव्या पायरीत आहे. क्यूशूच्या बोलीत मात्र ऐकणाऱ्याकडे जातानाही ‘कुरु’ म्हणतात, अगदी आपल्यासारखं. तिकडच्या माणसाकडून ऐकलंत तर बुचकळ्यात पडू नका. परीक्षेत आणि ऑफिसात प्रमाण बोलीच धरा.

३. घरी ‘जायचं’ नसतं, घरी परतायचं असतं

संध्याकाळी ऑफिसातून निघताना “उचि नि इकिमास” म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, कुणाच्या तरी घरी निघालात. आपलं घर, आपलं गाव, आपला देश, म्हणजे जिथले आपण आहोत तिथे जाणं हे नेहमी ‘काएरु’. “उचि नि काएरिमास.” “रायगेत्सु, इंदो नि काएरिमास” (पुढच्या महिन्यात भारतात जातोय). इंग्रजीत ‘गो होम’ असल्यामुळे हात ‘इकु’कडे जातो, तो आवरा.

‘काएरु’च्या शेजारी ‘मोदोरु’ आहे. मघाच्या जागी परत जाणं म्हणजे मोदोरु: चहा घेऊन जागेवर परत गेलो, “सेकि नि मोदोरिमाशिता”. घराशी, आपलेपणाशी त्याचा संबंध नाही.

‘बाहेर पडणे’ याला ‘देकाकेरु’. वडील घरी नाहीत, बाहेर गेलेत: “चिचि वा देकाकेते इमास.” शेजारच्या आजी गेटपाशी विचारतात, “ओ-देकाके देस का?” म्हणजे “काय, बाहेर निघालात वाटतं?” त्यावर पत्ता सांगायचा नसतो. “एऽ, च्योत्तो सोको मादे” म्हणायचं, म्हणजे “हो, इथंच जरा.” आपल्याकडे चाळीत, वाड्यात हा संवाद असाच व्हायचा, आणि कुणी ‘कुठे?’ असं थेट विचारलं तर घरातली मोठी माणसं रागवायची. त्यामुळे हा शिष्टाचार मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही.

रोज किंवा ठरावीक दिवशी एखाद्या ठिकाणी जात राहणं म्हणजे ‘कायोउ’. कॉलेज, क्लास, दवाखान्यातले उपचार यांच्यासाठी हे क्रियापद नेमकं आहे: “निहोंगो नो क्योऽशित्सु नि कायोत्ते इमास” (जपानीच्या क्लासला जातो).

घरातून निघतानाचे शब्द इथेच शिकून घ्या. निघणारा म्हणतो “इत्ते किमास”, म्हणजे ‘जाऊन येतो’. घरातला म्हणतो “इत्ते-राश्शाइ”, ‘जाऊन या’. परत आल्यावर “तादाइमा” आणि त्यावर “ओकाएरि”. घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. जपानी माणूस तेच करतो, फक्त ‘जाऊन’ही म्हणतो आणि ‘येतो’ही. मात्र हे स्वतःच्या घरातून किंवा ऑफिसातून परत येण्यासाठी बाहेर पडतानाच. दिवसअखेर ऑफिस सोडताना “ओ-साकि नि शित्सुरेइ शिमास”, आणि कुणाच्या घरून निघताना “सोरोसोरो शित्सुरेइ शिमास”.

४. मधला प्रत्यय: नि, ओ, दे, मादे

क्रियापद बरोबर आणि प्रत्यय चुकीचा, असं फार होतं. या पायरीवर घाई करू नका.

पोचायचं ठिकाण असेल तर ‘नि’. मराठीतला ‘-ला’ समोर ठेवा: पुण्याला जातो, “पुने नि इकिमास”. त्याऐवजी ‘ए’ही चालतो, ‘ए’मध्ये दिशा जास्त, ‘नि’मध्ये पोचणं जास्त, पण ‘इकु’बरोबर रोजच्या बोलण्यात दोन्ही सारखेच. आत शिरणं आणि वाहनात चढणं यांनाही ‘नि’: “हेया नि हाइरु” (खोलीत जाणे), “बासु नि नोरु” (बसमध्ये चढणे). आंघोळीला जाणं म्हणजे “ओ-फुरो नि हाइरु”, कारण तिथे खरंच गरम पाण्याच्या टबात उतरायचं असतं.

‘ओ’ इथे पुष्कळांना नवा वाटतो, कारण पुस्तकात तो ‘कर्माचा प्रत्यय’ म्हणून शिकवलेला असतो: भात खातो, पुस्तक वाचतो. हालचालीच्या क्रियापदांबरोबर तो वेगळं काम करतो. ज्या जागेवरून, जिच्यामधून किंवा जिच्या कडेने हालचाल होते, ती जागा ‘ओ’ने दाखवतात. मराठीत त्यासाठी आपल्याकडे तीन-चार प्रत्यय आहेत. पुलावरून जाणे: “हाशि ओ वातारु”. बागेतून चालणे: “कोऽएन ओ आरुकु”. कोपऱ्यावर वळणे: “कादो ओ मागारु”. या रस्त्याने जाणे: “कोनो मिचि ओ इकु”. घरातून निघणे: “इए ओ देरु”. गाडीतून उतरणे: “देन्शा ओ ओरिरु”. ‘-वरून’, ‘-तून’, ‘-ने’, सगळ्यांच्या जागी एक ‘ओ’.

सावध: मराठीत ‘रस्त्याने’ आणि ‘बसने’ दोन्हींना ‘-ने’ लागतो. जपानीत रस्ता ‘ओ’ घेतो आणि वाहन ‘दे’ घेतं: “बासु दे इकिमास”, “जितेन्शा दे किमाशिता”.

सावध: ‘घरातून निघणे’ला ‘ओ’ असला तरी, खिडकीतून बाहेर पडणे म्हणजे “मादो कारा देरु”, तिथे ‘कारा’. निर्जीव वस्तू बाहेर येत असेल तरी ‘कारा’: धुराड्यातून धूर निघतो, “एन्तोत्सु कारा केमुरि गा देरु”. स्वतःच्या मर्जीने जागा सोडून निघणाऱ्यालाच तो ‘ओ’ मिळतो.

याचा सराव बसून होत नाही, चालत होतो. पुण्यात असाल तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जा. ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणूनही ओळखलं जातं आणि ओकायामाच्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर घडवलेलं आहे. दारातून आत गेलात: “नाका नि हाइरिमास”. वाटेने चाललात: “मिचि ओ आरुकिमास”. पाण्यावरून पलीकडे गेलात: “हाशि ओ वातारिमास”. पाय आणि वाक्य एकाच वेळी चाललं की प्रत्यय डोक्यात बसतो. बाग नसली तर घरापासून किराणा दुकानापर्यंतचा रस्ताही चालेल.

५. चालत जा, धावत जा

मी स्टेशनपर्यंत चालत गेलो. इंग्रजीत इथे ‘वॉक’ हे एकच क्रियापद ‘टू’ला जोडून काम भागतं. म्हणून इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी “एकि नि आरुकिमाशिता” म्हणतो, आणि ते खटकतं. चालणे, धावणे, पोहणे ही जपानीत कसं जातो हे सांगतात; पोचण्याचं काम ‘इकु’ किंवा ‘कुरु’ करतात. मराठीतही ‘चालत गेलो’, ‘धावत आला’, ‘पोहत गेली’ असंच आहे ना? तेच करा: “एकि नि आरुइते इकिमाशिता”, “हाशित्ते किमाशिता”, “ओयोइदे इकिमाशिता”.

‘पर्यंत’ म्हणायचं असेल तर एकटं क्रियापदही पुरतं: “एकि मादे आरुकिमाशिता”. ‘मादे’ म्हणजे ‘पर्यंत’.

६. बघायला, जेवायला, खरेदीला

इथे मराठी माणसाचा हक्काचा फायदा आहे. आपण ‘पुण्याला’ म्हणतो आणि ‘बघायला’ही म्हणतो, ठिकाणाला आणि हेतूला एकच ‘-ला’. जपानीतही दोन्हीला एकच ‘नि’. क्रियापदाच्या ‘मास’-रूपातला ‘मास’ काढा आणि ‘नि’ लावा: मिमास, “मि नि इकु” (बघायला जाणे), ताबेमास, “ताबे नि इकु” (जेवायला जाणे). काइमोनो, बेन्क्योऽ अशा नामांना थेट ‘नि’: “काइमोनो नि इकु”.

सावध: ‘हॉटेलात जेवायला जाऊ’ मध्ये ‘-आत’ आहे म्हणून “रेसुतोरान दे ताबे नि इकु” असं तोंडात येतं. ‘इकु’ला पोचायचं ठिकाण हवं असतं, म्हणून “रेसुतोरान नि ताबे नि इकिमास”. दोनदा ‘नि’ आलेला कानाला विचित्र वाटला तर पहिल्याच्या जागी ‘ए’ घ्या. ‘दे’ हवा असेल तर क्रियापद बदला: “रेसुतोरान दे ताबेमास”, हॉटेलात जेवतो.

आणि ‘झोपायला जातो’ याला नुसतं “नेमास”. रात्री अकराला झोपायला जातो, “जुऽइचि-जि नि नेमास”. तिथे ‘इकु’ आणू नका.

७. ‘इत्ते इमास’ म्हणजे ‘जातोय’ नव्हे

पुस्तकात ‘ते इरु’ आधी ‘चालू क्रिया’ म्हणून येतं: ताबेते इमास, खातोय. त्याच साच्यात ‘इत्ते इमास’ म्हणजे ‘जातोय’ असं विद्यार्थी धरून चालतो. तसं नाही. इकु, कुरु, काएरु यांचं ‘ते इरु’ म्हणजे हालचाल होऊन गेली आणि माणूस तिथे आहे. “बुच्योऽ वा इमा ओऽसाका नि इत्ते इमास” म्हणजे साहेब ओसाकाला गेलेत, तिथेच आहेत. “तोमोदाचि गा किते इमास”, मित्र आलाय, घरात बसलाय. मराठीतलं ‘गेलाय’, ‘आलाय’ डोळ्यांसमोर ठेवा. त्याहून चांगलं भाषांतर मला माहीत नाही. “माइनिचि इत्ते इमास” (रोज जातो) हा सवयीचा अर्थही होतो, पण तिथे ‘रोज’ हा शब्द वाक्यातच असतो.

मग आत्ता वाटेत आहे, चाललोय, हे कसं सांगायचं? “इमा, एकि नि मुकात्ते इमास”, स्टेशनकडे निघालोय, वाटेत आहे. कुणी वाट बघत असेल आणि तुम्ही मेट्रोत असाल, तर हे वाक्य पाठवा. “इत्ते इमास” पाठवलंत तर ‘पोचलो, तिथेच आहे’ असा अर्थ निघतो, आणि समोरचा तुम्हाला शोधत फिरेल.

‘ते’-रूपाला कुरु आणि इकु जोडले की पुढची सगळी मौज सुरू होते. “मिझु ओ कात्ते किमास”: पाणी घेऊन येतो. दुकानात जाऊन, विकत घेऊन, परत इथे. इंग्रजीत ‘जाऊन विकत घेतो’ असं म्हणून थांबतात. परत येणं गृहीत धरलेलं. आपण आणि जपानी ते बोलून दाखवतो. “च्योत्तो मिते किमास”, जरा बघून येतो. “ओ-मियागे ओ कात्ते इकिमास”, जाताना भेटवस्तू घेऊन जातो. “गोहान ओ ताबेते काएरिमास”, जेवूनच घरी येतो. ही वाक्यं डोक्यात इंग्रजी न आणता तोंडी म्हणून बघा, आपोआप जमतात.

सावध: मराठीत डबाही ‘घेऊन जा’ आणि मुलालाही ‘घेऊन जा’. जपानीत वस्तू असेल तर “मोत्ते इकु”, माणूस किंवा प्राणी असेल तर “त्सुरेते इकु”. “कोदोमो ओ मोत्ते इकिमास” ऐकून माणसं दचकतात, कारण त्यात मूल सामानासारखं उचलून नेल्याचं चित्र उभं राहतं. पाहुण्यांना किंवा साहेबांना नेताना मात्र ‘त्सुरेते’ही नको, तिथे “गो-आन्नाइ शिमास”, म्हणजे मी वाट दाखवतो.

फोनचं वाक्यही इथलंच. आईचा फोन आला: “हाहा गा देन्वा ओ काकेते किमाशिता”. नुसतं ‘काकेमाशिता’ म्हटलं तर आईने फोन केला एवढंच कळतं, कुणाला ते नाही. ‘किमाशिता’ने तो माझ्याकडे आला. “आमे गा फुत्ते किमाशिता”, पाऊस आला. आपणही पाऊस ‘आला’च म्हणतो.

बदल हळूहळू होत असेल तरी हेच दोघे कामाला येतात. आतापर्यंत होत आलेला बदल म्हणजे कुरु, इथून पुढे होत जाणारा म्हणजे इकु. “सामुकु नात्ते किमाशिता ने” म्हणजे थंडी वाढायला लागली, नाही का. “कोरेकारा सामुकु नात्ते इकिमास”, आता इथून पुढे थंडी वाढत जाईल. मराठीत पहिल्या वाक्याला आपण ‘थंडी वाढत चालली’ म्हणतो, आणि ‘चालली’मुळे हात इकुकडे वळतो. आत्तापर्यंतचं जाणवत असेल तर कुरुच.

८. आदराचं जाणं-येणं

नोकरीसाठी जपानी शिकत असाल तर ही पायरी टाळू नका. साहेब, ग्राहक, पाहुणे जातात, येतात किंवा असतात तेव्हा तिन्हीला एकच क्रियापद: ‘इराश्शारु’. जपानी दुकानात शिरताच कानावर पडणारं “इराश्शाइमासे” त्यातलंच. आपण स्वतः जातो-येतो ते नम्रपणे ‘माइरु’. जपानमध्ये फलाटावर उभं राहिलात की हेच ऐकू येतं: “मामोनाकु, इचि-बान-सेन नि देन्शा गा माइरिमास”, एक नंबर फलाटावर लवकरच गाडी येत आहे. लिफ्टमध्ये “उए ए माइरिमास”, वर जात आहे. एकाच क्रियापदात येणंही आहे आणि जाणंही, म्हणून दुसऱ्या पायरीवरचा घोळ इथे उरत नाही.

ज्यांना मान द्यायचा त्यांच्या जागी जायचं असेल तर ‘उकागाउ’: “आश्ता, जुऽ-जि नि उकागाइमास”, उद्या दहा वाजता आपल्याकडे येतो.

सावध: मराठीत आपण बाहेरच्या माणसापुढेही आपल्या साहेबांना मानाने बोलतो: “आमचे साहेब येणार आहेत.” जपानीत बाहेरच्या माणसापुढे आपली माणसं आपल्यातच धरली जातात, मग पद कितीही मोठं असो. ग्राहकाशी बोलताना “बुच्योऽ गा माइरिमास”. ‘इराश्शाइमास’ म्हटलं तर आपल्याच माणसाला ग्राहकापुढे मोठं केल्यासारखं होतं. घरच्यांचंही तसंच: आपली आई ती ‘हाहा’, दुसऱ्याची ती ‘ओकाऽसान’.

९. जिथे ‘इकु’ बिलकुल नको

ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मराठीत सगळीकडे ‘जाणं’ आहे, जपानीत मात्र वेगळंच क्रियापद.

- लाईट गेली (वीज): “तेइदेन देस”. दिवा विझला तर “देन्कि गा किएमाशिता”.
- ताप गेला: “नेत्सु गा सागारिमाशिता”.
- नेट गेलं: “नेत्तो गा त्सुनागारानाकु नारिमाशिता”.
- बराच वेळ गेला: “जिकान गा ताचिमाशिता”.
- आजोबा गेले: “सोफु गा नाकुनारिमाशिता”. इथे दुसरा कोणताही शब्द वापरू नका.
- वरच्या मजल्यावर जाणे: “नि-काइ नि आगारु” (इथे ‘इकु’ चुकत नाही, पण चढणं त्यात येत नाही). जपानी घरात दाराशी बूट काढून एक पायरी चढून आत जायचं असतं, म्हणून ‘आत या’लाही “ओ-आगारि कुदासाइ” म्हणतात.

परीक्षा कशी गेली, हे विचारायचं असेल तर “शिकेन वा दोऽ देश्ता का?” उत्तरात मात्र इकु चालतं: “उमाकु इकिमाशिता”, चांगली गेली. जाण्याचा अर्थ दोन्ही भाषांत इथे कसा आला, मला नेहमी नवल वाटतं.

वर-खाली जाण्यावरून एक आठवलं. जपानी रेल्वेत तोक्योकडे जाणारी गाडी ‘नोबोरि’, म्हणजे चढणारी, आणि तोक्योपासून लांब जाणारी ‘कुदारि’, उतरणारी. मुंबईच्या लोकलमध्ये सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे येणारी ‘अप’ आणि तिकडून निघालेली ‘डाउन’ असते, तसंच. फलाटावरच्या पाटीवर शहराच्या नावापुढे ‘युकि’ लिहिलेलं असतं. बर्फालाही ‘युकि’च म्हणतात, पण हे ‘युकि’ ‘इकु’च्याच कांजीने (चिनी लिपीतून आलेल्या अक्षराने) लिहितात, आणि अर्थ ‘तिकडे जाणारी’ एवढाच.

१०. एक पूर्ण दिवस लिहा

वरचं सगळं एकत्र येतं ते अशा परिच्छेदात. आधी मराठी वाचा, मग जपानी झाकून स्वतः करून बघा.

सकाळी आठला घरातून निघतो. स्टेशनपर्यंत चालत जातो. पुलावरून पलीकडे जाऊन दुसऱ्या कोपऱ्यावर डावीकडे वळतो. गाडीत चढून शिनागावाला उतरतो. ऑफिसला नऊच्या सुमाराला पोचतो. परत येताना सुपरमार्केटात डोकावून दूध घेऊन घरी येतो.

“आसा हाचि-जि नि इए ओ देमास. एकि मादे आरुइते इकिमास. हाशि ओ वातात्ते, फुतात्सु-मे नो कादो ओ हिदारि नि मागारिमास. देन्शा नि नोत्ते, शिनागावा दे ओरिमास. काइशा नि वा कु-जि गोरो त्सुकिमास. काएरि नि सुऽपाऽ नि योत्ते, ग्युऽन्युऽ ओ कात्ते काएरिमास.”

सहा वाक्यांत जाण्याची दहा वेगवेगळी क्रियापदं आली, आणि त्यात ‘इकु’ फक्त एकदा, तेही ‘आरुइते’च्या पाठीमागे. ‘योरु’ म्हणजे वाटेत थोडं थांबून पुढे जाणं. ते वहीत वेगळं उतरवून घ्या. ‘शिनागावा दे’ मधला ‘दे’ आणि ‘देन्शा ओ ओरिरु’ मधला ‘ओ’ यांत गोंधळ होऊ देऊ नका. कुठे उतरलो ती जागा ‘दे’, कशातून उतरलो ते वाहन ‘ओ’.

आता यातलं शहर, वाहन आणि दुकान बदलून तुमचा स्वतःचा दिवस लिहा. लोकलचा असेल तर लोकलचा, एसटीचा असेल तर एसटीचा. लिहून झालं की मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ते शिक्षकांना किंवा ओळखीच्या जपानी माणसाला ऐकवा. ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका, कारण जपानी माणूस बहुधा ‘बरोबर आहे’ असंच म्हणेल. “कोनो इऽकाता वा शिझेन देस का?”, म्हणजे ‘असं म्हणणं सहज वाटतं का?’ असं विचारा, आणि मग ते कोणत्या वाक्यावर थांबतात तिथे पेन्सिलने खूण करा. पुढच्या आठवड्याचा सराव त्या खुणांवरून सुरू करा.